कर्ज डोक्यावरून गेलंय. कोर्टात दिवाळखोरी घेता येते का? (नाशिक)

अंबडचा_वेल्डर

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसता वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच.

अंबडला भाड्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशनचं जॉबवर्क करायचो. दोन मशीन, तीन पोरं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने नऊ महिने बिल लटकवलं आणि शेवटी अर्ध्यावर बोळवण केली. शेडचं भाडं, लाइटबिल, पोरांचे पगार मात्र चालूच. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं काढलं, दुसऱ्याचा भरायला कार्ड घासलं, कार्डाचं किमान बिल भरायला ॲप. पुढचं सांगायला नको. आता शेड सोडली. सातपूरला एका कंपनीत सत्तावीस हजारांवर लागलोय, बायको डबे करते त्यात नऊएक हजार सुटतात. घर भाड्याचं.

काल रात्री हिने पोराच्या चौकटीच्या वहीत सगळं मांडलं. एका बाजूला त्याचे सातचे पाढे, दुसऱ्या बाजूला आमचं हे:

पतसंस्था ६,५०,००० (दोन जामीनदार, त्यातला एक सख्खा चुलतभाऊ)
बँकेचं पर्सनल लोन ५,२०,०००
तीन क्रेडिट कार्डं ३,८०,०००
सोनेतारण १,६०,०००
लोन ॲप ९०,०००
खासगी एकाकडून २,००,०००, महिना पाच टक्क्याने. चौदा महिने दहा-दहा हजार व्याज भरलं. त्याच्याकडे माझे दोन कोरे चेक आहेत आणि सिन्नरजवळच्या छोट्या एनए प्लॉटचं नोटरी केलेलं साठेखत.

बेरीज बरोब्बर वीस लाख. हिने ती दोनदा केली.

व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आलाय. त्यात म्हणतात, कर्ज ५०० रुपयांच्या वर असलं की कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज देता येतो आणि सगळं माफ होतं. खरं आहे का? कुणी केलंय का नाशिकमध्ये? खर्च किती?

सिडको_२

भाऊ, अर्जाचं जाणकार सांगतील. आधी फोनचं बघा. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट बजावलंय. नातेवाइकांना फोन, शिव्या, बदनामी, हे काहीच चालत नाही. रेकॉर्डिंग ठेवा. बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथं पैसे लागत नाहीत, ऑनलाइन होतं. चौकशीसाठी १४४४८.

ॲपवाल्यांनी फोटो-बिटो पाठवायची धमकी दिली तर सरळ सायबर पोलीस, १९३०.

गोदाकाठ

राग मानू नका, पण कार्ड घासताना कळत नव्हतं का? आम्ही पोटाला चिमटा काढून हप्ते भरतो आणि लोक माफी शोधतात.

सिडको_२

@गोदाकाठ, बिल बुडवलं त्या गिऱ्हाइकाला विचारा की हे. पुढे.

निफाडकर_नाना

व्हिडिओतलं ५०० रुपयांचं खरं आहे, ऐकून हसाल पण खरं आहे. १९२० चा कायदा आहे. मराठीत त्याला नादारी म्हणतात. आमच्या शाळेत नादारी म्हणजे फी माफ, मास्तर वर्गात नावं वाचायचे, नादारीची पोरं उभी राहायची. हाच शब्द कोर्टात भेटेल असं वाटलं नव्हतं.

बाकी 'सगळं माफ' ही थाप. वकीलताई आल्या की सांगतीलच.

शरणपूर_वकील

आले. जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो.

सध्या दोन कायद्यांची नावं कानावर पडतात. एक २०१६ ची दिवाळखोरी संहिता. पेपरमध्ये मोठ्या कंपन्यांच्या बातम्या येतात ती हीच. त्यात तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसासाठी आख्खा तिसरा भाग लिहिलेला आहे, अगदी गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाची सोयही आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको, अशा अटी. पण हा भाग सामान्य कर्जदारांसाठी अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू आहे. म्हणजे कागदावर आहे, ताटात नाही.

दुसरा, नाना म्हणाले तो १९२० चा प्रांतीय नादारी कायदा. मुंबईसाठी १९०९ चा वेगळा आहे, नाशिकला हा. अर्ज जिल्हा न्यायालयात, जुन्या सीबीएससमोर. कर्ज ५०० च्या वर आणि फेडायची ऐपत नाही, एवढ्यावर अर्ज करता येतो. १९२० सालचे ५०० हो ते, आकडा कुणी बदललाच नाही.

आता अर्ज मंजूर झाला की काय होतं ते नीट वाचा. तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तो ती विकून सगळ्या धनकोंना, म्हणजे कर्ज देणाऱ्यांना, प्रमाणात वाटतो. त्या काळात धनको कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवा दावा लावू शकत नाही, हा खरा फायदा. पण तारणवाला धनको याच्या बाहेर, त्याचं सोनं त्याच्याकडेच. तुम्ही नादार असताना ते न सांगता कुणाकडून ५० रुपये उधार घेतले तरी गुन्हा. महापालिका-ग्रामपंचायतीची निवडणूक विसरा.

आणि मुक्तता आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. कोर्ट बघतं की विनातारण कर्जाच्या रुपयामागे निदान आठ आणे तरी वसूल होण्याइतकी मालमत्ता आहे का. नसेल, तर हे तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झालं हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. तुमच्या बाबतीत बुडालेलं बिल आहे, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. हिशेबाच्या वह्या ठेवल्या नसतील, सट्टा किंवा उधळपट्टी असेल तर कोर्ट हात आखडतं. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं, बायकोची पोटगी हे सुटत नाही.

काही वर्षं लागतात. इथं असे अर्ज फार थोडे होतात, कित्येक वकिलांनी एकही चालवलेला नसतो. मी दोन चालवले. एकात उपयोग झाला, एकात अशिलाने मधेच सोडून दिलं.

पंचवटी_पार्सल

सोप्पा उपाय सांगू? प्लॉट आजच बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका. मग म्हणावं घ्या काय घ्यायचं ते.

शरणपूर_वकील

@पंचवटी_पार्सल, असले सल्ले देऊ नका हो. नादार ठरण्याच्या आधी दोन वर्षांत फुकट किंवा नावापुरत्या पैशात दिलेली मालमत्ता रिसीव्हर रद्द करवून घेतो. तीन महिन्यांच्या आत एखाद्याच धनकोला मुद्दाम झुकतं माप दिलं असेल तर तेही उलटतं. वर कोर्टात 'हा माणूस लपवाछपवी करतो' असं रेकॉर्डवर येतं ते वेगळंच.

अंबडचा_वेल्डर

ताई, खूप आभार. दोन गोष्टी विचारतो.

एक. मी नादार झालो तर चुलतभाऊ सुटतो का? तो एका शाळेत शिपाई आहे. मी 'सही कर फक्त' म्हणालो आणि त्याने चहा संपायच्या आत केली.

दोन. जेल होते का? बँकेच्या माणसाने फोनवर तसं सांगितलं.

शरणपूर_वकील

पहिल्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. नाही सुटत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि तुमची मुक्तता झाली तरी त्याची होत नाही. तुम्ही नादार झालात की पतसंस्था दुप्पट जोराने त्याच्याकडे वळेल. मी तुम्हाला घाईने अर्ज करू नका म्हणते आहे त्याचं मुख्य कारण हेच.

दुसरं. पैसे नाहीत म्हणून जेल होत नाही. दिवाणी हुकूमनामा, म्हणजे पैसे भरा असा कोर्टाचा निकाल, झाला आणि ऐपत असून मुद्दाम भरत नाही असं सिद्ध झालं तर दिवाणी कैद होऊ शकते, पण निव्वळ गरिबीसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच हे सांगितलंय. बाईमाणसाला पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच होत नाही.

चेकचं प्रकरण वेगळं, ते फौजदारी. चेक परत आला की ३० दिवसांत नोटीस येते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर पुढे महिन्याभरात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता बाउन्स झाला तरी २००७ च्या कायद्याने तसंच. त्यामुळे आलेलं एकही पाकीट न उघडता ठेवू नका.

अंबडचा_वेल्डर

टीव्हीच्या खाली चार आहेत.

शरणपूर_वकील

उघडा. आत्ता. इथं लिहा काय आहे.

अंबडचा_वेल्डर

दोन बँकेची, तीच ती रक्कम. एक सोनेतारणवाल्यांचं, लिलावाची नोटीस. एक सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडचं. कलम १०१ असं लिहिलंय. सुनावणी येत्या गुरुवारी. प्रतिवादी नंबर दोन म्हणून भावाचं नाव आहे.

म्हणजे त्यालाही गेलं असणार हे.

माजी_बँकवाला

बरं झालं उघडलं. १०१ म्हणजे पतसंस्था वसुली दाखला मागतेय. दाखला निघाला की वसुली अधिकारी थेट जप्ती आणि पगारकपातीच्या मागे लागतो, दिवाणी कोर्टात जायची गरजच नाही. आणि दाखल्याविरुद्ध वर जायचं म्हटलं तर आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते. म्हणून जे बोलायचं ते गुरुवारी. खातेउतारा मागा, व्याज आणि नोटीस खर्च कसा लावलाय ते बघा, हप्ते पाडून मागा.

एक लक्षात घ्या, पतसंस्थेची तक्रार लोकपालाकडे चालत नाही. तिचा मालक निबंधक.

सोन्याचं: लिलाव होऊ देऊ नका. लिलावात भाव पडतो. घरच्यांनी ऐकलं तर तेच सोनं सोडवून सराफाकडे रीतसर विका, कर्ज फिटून वर काही राहतं का बघा. सध्याच्या भावात बहुधा राहील. जीवावर येतं, माहीत आहे.

कार्डं आणि पर्सनल लोन: इथं तडजोड होते. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, त्यानंतर बँकाच ऑफर देतात. फोनवरच्या तोंडी ऑफरवर एक रुपया भरू नका. बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द हवेत. पैसे फक्त कर्जखात्यात, वसुलीवाल्याच्या यूपीआयवर नाही. नंतर नो ड्यूज. सिबिलला 'सेटल्ड' असं दिसेल आणि पुढे काही वर्षं कर्ज मिळणार नाही. तुम्हाला आत्ता तेच हवंय, खरं तर.

आणि पगार ज्या बँकेत येतो तिचंच कर्ज आहे का? असेल तर पगाराचं खातं दुसरीकडे हलवा. बँक थकबाकीपोटी खात्यातले पैसे वळते करून घेऊ शकते.

अंबडचा_वेल्डर

तीच बँक आहे. ह्या महिन्यात अकरा हजार असेच गेले. मला वाटलं चूक झाली.

कॉलेजरोड_०७

'कर्जमुक्ती' करून देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती येतात त्यांच्यापासून लांब राहा. नाव घेत नाही. आमच्याकडून महिन्याला पाच हजार फी घेतली, सांगितलं बँकेचे फोन उचलू नका, आम्ही बघतो. आठ महिन्यांनी कळलं की त्यांनी बँकेला साधी मेलसुद्धा केली नव्हती. चाळीस हजार गेले आणि दंड वाढला तो वेगळा.

निफाडकर_नाना

त्या पाच टक्केवाल्याचं कुणी बोललंच नाही. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का? नसणार. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद. परवाना असलेल्यालाही बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, तारण असेल तर १५. तुमचा हिशेब करा: दोन लाखांवर १८ टक्क्याने चौदा महिन्यांचे ४२,००० होतात. तुम्ही १,४०,००० दिलेत.

आमच्या भाऊबंदकीत एकाची द्राक्षाची दीड एकर अशीच साठेखताच्या नावाखाली गेली होती. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज केला. सावकारीतून गेलेली मालमत्ता १५ वर्षांपर्यंतची असली तर चौकशी करून परत देता येते. दोन वर्षं हेलपाटे घातले, प्रत्येक तारखेला निफाडहून एसटी, दुपारी मिसळ, पुढची तारीख. पण सातबाऱ्यावर नाव परत चढलं. त्याने उपयोगी पडलेली एकच गोष्ट केली होती: दर महिन्याला व्याज देताना कॅलेंडरवर आकडा आणि त्या सावकाराच्या पोराची सही घ्यायचा. कॅलेंडर भिंतीवरून काढून तसंच फाइलला लावलं.

तुम्ही व्याज रोख दिलं का फोनवरून?

अंबडचा_वेल्डर

पहिले पाच महिने रोख. नंतर फोनपेवरून, त्याच्या मेहुण्याच्या नंबरवर.

शरणपूर_वकील

नऊ महिन्यांचे ९०,००० कागदावर आले की! स्टेटमेंट काढून ठेवा. नाना बरोबर आहेत, तक्रार निबंधक कार्यालयात द्या. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट वसुलीचा हुकूमनामा देत नाही. तो कोरा चेक टाकेल ही शक्यता धरून चाला. नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर, गप्प बसायचं नाही.

पगार जप्तीची भीती वाटत असेल तर हेही ऐका. दिवाणी हुकूमनाम्यात पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावता येत नाहीत. २७,००० वर हिशेब केला तर जास्तीत जास्त ८,६६७ कापले जातील, आणि तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच. भविष्य निर्वाह निधी सुरक्षित, कारागिराची हत्यारं सुरक्षित. तुमचं वेल्डिंगचं हत्यार कुणी उचलायला आलं तर हे सांगा.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील. तुमचं पगाराने त्याच्या वर जातं, पण बाई, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अटच नाही. घरात कुणाच्या नावावर कर्ज असेल तर विचारा. सल्ला तर कुणालाही मिळतो, १५१००. बँकेची प्रकरणं दावा लागण्याआधीच लोकअदालतीत ठेवता येतात. फक्त तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. झेपेल तेवढ्याच हप्त्याला हो म्हणा.

जामीनदार_क्रमांक_२

नवीन आयडी काढलाय, कारण जुन्यावर लोक ओळखतात.

मी अशाच एका कर्जाला जामीन होतो. मित्राने काही सांगितलं नाही. मला कळलं ते पगाराच्या स्लिपवर. कपातीच्या रकान्यात एक जादा ओळ. बायकोने विचारलं हे काय, मी म्हटलं काहीतरी ऑफिसची चूक असेल. तीन महिने तेच सांगत होतो.

पैशाचं नंतर मिटलं. पण तो आधी येऊन बोलला असता तर आम्ही आजही बोलत असतो.

गुरुवारच्या आधी भावाकडे जा.

गोदाकाठ

वर मी जरा तोडून बोललो. मागे घेतो. वेल्डिंगचं काम हवं असेल तर विपू (इथल्या विचारपुशीत निरोप) करा, सिंहस्थाची रेलिंगची कामं आमच्या ओळखीत निघताहेत. रविवारी करण्यासारखी.

सिडको_२

रात्री झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील तर १४४१६, टेलिमानस. सरकारी आहे, मराठीत बोलतात. मी स्वतः एकदा लावलाय, म्हणून लिहितोय. उगाच नाही.

अंबडचा_वेल्डर

उशिरा लिहितोय, माफ करा.

बुधवारी भावाकडे गेलो. पाकीट त्याच्याकडेही आलं होतं, त्यानेही उघडलं नव्हतं. देवाच्या फळीवर ठेवलं होतं. वहिनी खूप बोलल्या. बोलू दिलं. तो काही बोलला नाही, शेवटी म्हणाला, "गुरुवारी रजा टाकतो."

दोघं गेलो. अधिकाऱ्यासमोर पाच मिनिटंसुद्धा गेली नाहीत. खातेउतारा मागितला, पुढची तारीख मिळाली. बाहेर पतसंस्थेचे वसुलीचे साहेब होते, ते म्हणाले लेखी प्रस्ताव द्या, संचालक मंडळापुढे ठेवतो. प्लॉट मोकळा झाला तर तो विकून सगळ्यात आधी इथं भरायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. ताई, हे 'झुकतं माप' होईल का?

शरणपूर_वकील

नादारीचा अर्ज लगेच करणार असाल तर प्रश्न येईल. करणार नसाल तर नाही. म्हणून आधी तडजोडी, सावकाराची तक्रार आणि प्लॉट. वर्षभराने जे उरेल ते बघून नादारीचा विचार करू. तेव्हा उरलेलं बहुतेक बँकेचं असेल आणि जामीनदार कुणी नसेल. तो अर्ज मग तुमच्या एकट्याचा.

अंबडचा_वेल्डर

ठीक. सोनं सोडवून विकलं. कर्ज फिटून एकोणीस हजार उरले. हिने पिशवी तिथेच सराफाच्या काउंटरवर ठेवली, म्हणाली रिकामी घरी कशाला न्यायची.

सावकाराची तक्रार काल दिली.

कॉलेजरोड_०७

तक्रारीला स्टॅम्प किती लागला? आमचंही एक आहे.

अंबडचा_वेल्डर

माझ्याकडून तरी काही घेतला नाही. साध्या कागदावर दिली, सोबत फोनपेचं स्टेटमेंट. दोन प्रती न्या. क्लार्क म्हणेल ठेवून जा, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. जेवणाच्या सुट्टीआधी जा.